गोष्टीतला पेपर कोण वाचतं?

"हा लेख कोनी लिवलाय? कोन हाय तो? म्होरं येऊ दे त्याला!"

ओरडत होते ते आमचे प्रमुख पाहुणे. त्यांच्या एका हातात नुकताच ओढलेला भित्तिपत्रकाचा जांभळा पडदा होता आणि दुसऱ्या हातात आम्हीच दिलेलं गुलाबाचं फूल. ते फूल त्यांनी असं रोखून धरलं होतं की पहिल्या रांगेतल्या पोरी खुर्च्यांसकट मागं सरकल्या. आवाज म्हणाल तर वाशीच्या आमच्या कॉलेजातून सुटला तो खाडी ओलांडून मानखुर्दला पोचला असणार. प्राचार्यांच्या हातून शाल गळाली. नारळ सुटला तो जिन्यावरून एकेक पायरी आपटत खाली गेला आणि ग्रंथालयाच्या दाराशी जाऊन थांबला.

पाहुणे म्हणजे भोईरसाहेब. नावड्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे संस्थापक, संपादक, बातमीदार, छायाचित्रकार, जाहिरात व्यवस्थापक, सबकुछ तेच. भित्तिपत्रक म्हणजे पोरांनी हातानं लिहून, चित्रं काढून भिंतीवर लावलेलं कॉलेजचं मासिक. मराठी भाषा दिनाला त्याच्यावरचा पडदा कुणातरी छापील जगातल्या माणसाच्या हस्ते सरकवायचा, हा आमचा रिवाज. त्या वर्षी पत्रकाच्या बरोब्बर मध्यभागी, दुरून वाचता येईल अशा अक्षरात, एका कथेची चिरफाड लावली होती. कथा कुणा 'खाडीपुत्र' नावाच्या लेखकाची.

हा खाडीपुत्र कोण, हे मला पडदा सरकेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता पाहुण्यांना जरा ओरडू द्या, त्यांचा दम एवढ्यात संपत नाही. तोवर मी काय धंदा करते ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई पाहुणे बोलावून त्यांची अब्रू काढायचं दुकान चालवते. या अंकाच्या संपादकांनी मला 'निवांत आठवणी' लिहायला सांगितल्यात. निवांत! आमच्या विषयात तो माल मिळत नाही.

मी मराठी शिकवते. त्यातही तिसऱ्या वर्षाला एक ऐच्छिक विषय, 'साहित्यातील मुद्रित माध्यमांचे चित्रण'. नाव ऐकूनच निम्मी पोरं अर्थशास्त्राकडं पळतात. लोक विचारतात, म्हणजे पत्रकारिता शिकवता का? नाही. मग कथा लिहायला शिकवता? तेही नाही. साताऱ्याला माझी जाऊ सगळ्यांना सांगते, 'आमच्या बाईंना पेपर वाचायचा पगार मिळतो.' तिला समजावून सांगता सांगता तिचे दोन जावई झाले, तरी तिला पटलेलं नाही.

गोष्ट अशी आहे. लेखक जेव्हा कथेत, कादंबरीत, नाटकात वर्तमानपत्र आणतो, संपादक आणतो, छापखाना आणतो, तेव्हा तो ते कसं आणतो, कशासाठी आणतो आणि आणताना काय लपवून ठेवतो, हे हुडकायचं. मराठी गोष्टींतले संपादक मी इतके पाहिलेत की नुसत्या झब्ब्यावरून ओळखते. एक असतो फाटक्या झब्ब्याचा. हा तत्त्वाला चिकटलेला असतो आणि याची बायको हमखास खोकत असते. दुसरा सुटाबुटातला, मालकाचा फोन आला की खुर्चीतून उठून 'हो सर' म्हणणारा. मधला कुणी नसतो! सकाळी दाढी करणारा, दुपारी टेबलावर डुलकी काढणारा, कधी बातमी चुकवणारा आणि कधी बरोबर देणारा संपादक मी कंदील घेऊन हुडकते आहे. आणि खुद्द पेपर? तो एक तर बापाला तोंड लपवायला असतो, नाहीतर भेळ बांधायला. त्या भेळेच्या कागदावर नेमकी नायिकेच्या लग्नाची बातमी असते. मी एवढी भेळ खाल्ली, की रचली तर तिचा पारसिकएवढा डोंगर होईल. पण कागदावर सोयाबीनचे भाव आणि 'निविदा सूचना' यापलीकडं मला काही वाचायला मिळालं नाही.

माझी शिकवायची पद्धत आडदांड आहे. पोरांना म्हणते, संपादक थोर की नीच, ते सोडा. हात बघा. गोष्टीतला पेपर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो? आणतं कोण, उघडतं कोण, वाचून झाल्यावर त्याचं होतं काय? एवढं बघितलं तरी लेखक पकडला जातो.

आता पोरांचीही गंमत. यांनी पेपर हातात धरलेला नसतो. म्हणून पहिल्या तासाला मी सगळ्यांना एकेक पेपर वाटते. एकदा एकानं तो पूर्ण उघडला, वर पंखा पाचवर. पेपर त्याच्या हातून उडाला, दारातून बाहेर पडला आणि व्हरांड्यातून येणाऱ्या प्राचार्यांच्या तोंडाला असा चिकटला, की ते तसेच दोन मजले चालत गेले. प्राचार्य म्हणतात चारच पावलं. कुणाचं खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

आणि एक धमकीचं प्रकरण! माझ्या वर्गात सिद्धार्थ म्हणून एक मुलगा होता. घर मूळचं नांदेडकडचं, राहायला ऐरोलीला. सकाळी कॉलेज, दुपारनंतर तिथल्याच एका आयटी पार्कात बॅक ऑफिसचं काम. कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हा याचा जन्मजात गुण. एका रहस्यकथेत खुनी एक मुलगा पळवतो आणि पेपरातली अक्षरं कापून धमकीचं पत्र तयार करतो. सिद्धार्थ म्हणाला, "मॅडम, हा लेखक फेकतोय. इंग्रजीतली अक्षरं सुटी असतात. आपली सगळी वरच्या रेघेला लटकलेली. कापायला गेलं की मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं."

"मग करून बघा," मी म्हणाले. आमचा वर्ग हा असा.

अख्खा दिवस कात्र्या चालल्या. अक्षर सुटं निघेना, म्हणून पोरांनी अख्खे शब्द कापायला सुरुवात केली. पेपरात 'मुलगा' कुठं मिळणार? वधू-वर जाहिरातीत. शेवटी जे तयार झालं ते असं: 'मुलगा हवा असल्यास त्वरित भेटा. पोलिसांनी कळवू नये.' ते बाकावरच राहिलं. शिपाईमामांनी ते आदबीनं प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. प्राचार्यांचा मुलगा तेव्हा दहावीत. पुढचं मी सांगत नाही. फक्त एवढंच की गेटवरचे दोन्ही सिक्युरिटीवाले वर आले आणि प्राचार्यांचा मुलगा भर क्लासमधून घरी आणला गेला. मी मात्र खूश होते. परदेशी गोष्टीतून युक्ती उचलणाऱ्या त्या लेखकानं कधी मराठी पेपराला कात्री लावलीच नव्हती, हे माझ्या पोरांनी सिद्ध केलं होतं.

पण ही नजर एकदा लागली की सुटत नाही. मी लग्नाला गेले तरी अक्षतांची पुडी उलगडून कागदावर काय छापलंय ते आधी बघते. घरात बसवत नाही, पिक्चर बघवत नाही. पडद्यावर कुणी पेपर उघडला की मी उठून जवळ जाते आणि मागचे लोक ओरडतात. तीच खाज मी दर वर्षी वीस-पंचवीस पोरांना लावून देते. ती खाज घेऊन ती घरी गेली की घरच्यांचं काय होतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तो आणला दर्शनानं.

दर्शना म्हणजे भोईरसाहेबांची मुलगी. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण लिहायला बसली की पेन मोडेल असं लिहायची. जानेवारीत स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, मला एम.ए. करायचंय."

"मग कर की. मी काय अडवलंय?"

"पप्पा नाही बोलतात. ग्रॅज्युएट झालीस, बस झालं, आता पेपर सांभाळ. मम्मीचं ऐकत नाहीत, मामाचं ऐकत नाहीत. म्हणून तुमच्याकडे आले. तुमचा आवाज मोठा आहे."

"बाई, आवाजानं बाप वळत असते तर मी आज शिक्षणमंत्री असते."

"त्यांना भाषा दिनाला पाहुणे म्हणून बोलवा ना. शाल घातली की ते ऐकतात."

मला पोरगी आवडली! ठरलं मग. पडदा, शाल, नारळ, चहा आणि चहाबरोबर एम.ए. प्राचार्यांनाही पसंत पडलं, कारण साप्ताहिकात फोटो येणार होता.

त्याच महिन्यात मी वर्गाला काम दिलं होतं. आपापल्या गावातली, कॉलनीतली, कुठल्याही लहानशा अंकातली एक कथा आणायची, जिच्यात पेपर आहे. दर्शनानं वडिलांच्या साप्ताहिकाचा वर्धापन दिन विशेषांक आणला. हे अंक तुम्ही बघितले असतील. पानोपान पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो आणि त्यांच्या मधोमध, गर्दीत चेंगरल्यासारखी एक कथा. त्या कथेत एक निर्भीड संपादक असतो. तळोज्याचा एक कारखाना खाडीत काळं पाणी सोडतो, संपादक ते छापतो, कारखानदार बॅग पाठवतो, संपादक बॅग खिडकीतून फेकतो, गुंड छापखाना जाळतात आणि तो वीर त्या आगीच्या उजेडात पुढचा अंक हातानं लिहायला घेतो. खाली नाव, खाडीपुत्र.

पोरं तुटून पडली. सिद्धार्थ म्हणाला, "मॅडम, कारखानदार थरथरतो, मंत्री थरथरतो, छप्पर पण थरथरतंय. पण पेपर वाचतोय कोण? पूर्ण कथेत एक माणूस पेपर उघडत नाही." मी टेबलावर थाप मारली. याला म्हणतात हात बघणं! लेख लिहायचं काम दर्शनानं मागून घेतलं. असा लिहिला की मी तो पत्रकाच्या मध्यभागी लावला. पेपर वडिलांचा, हे मला माहीत होतं. पण संपादक आपल्याच अंकात टोपणनावानं आपलीच आरती लिहीत असेल, हे कथेतल्या संपादकांच्या कुंडल्या मांडणाऱ्या मला सुचलं नाही. दर्शनानंही चकार शब्द काढला नाही.

तर पाहुणे ओरडत होते. सभेत भोईरसाहेब आकाशवाणीसारखं शुद्ध बोलतात. राग आला की गावची बोली बाहेर पडते. त्यांनी चष्मा चढवला आणि भिंतीवरचं मोठ्यानं वाचायला लागले.

"'या कथेत वर्तमानपत्र निघते, जळते आणि पुन्हा निघते, पण ते कोणी वाचत नाही.' नाय वाचत? अख्खा नावडा वाचतो माजा पेपर!"

प्राचार्य माझ्या कानाशी आले. "मॅडम, ही यांची कथा आहे का हो?"

"आता तरी यांचीच दिसते."

सिद्धार्थ उठून उभा राहिला. "सर, लेख आम्ही सगळ्या वर्गानं लिहिलाय."

"नाही पप्पा," मागून आवाज आला. "मी लिहिलाय."

भोईरसाहेब वळले. मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली आहे, पण कुणाच्या तोंडातली बडीशेप चावल्याचा आवाज भाषा दिनाला पहिल्यांदाच ऐकला.

"तू? तुला काय म्हाईत हाय गं?"

"शुक्रवारी अंक छापून आला की घड्या कोण घालतं पप्पा? मी आणि मम्मी. पत्ते कोण चिकटवतं? आम्हीच. तुमच्या गोष्टीत अंक आपोआप घडी होतो आणि आपोआप मंत्र्यापर्यंत जातो."

"आता गोष्टीत घड्या घालीत बसू काय? गोष्ट हाय ती! भाजीत मीठ किती टाकला, ता पन लिवू?"

खरं सांगते, त्या घटकेला मला टाळी वाजवावीशी वाटली. लेखकानं किती दाखवावं आणि किती झाकावं, यावर आम्ही प्राध्यापक चर्चासत्रं भरवतो, दोन दोन दिवस जेवतो. तो सगळा प्रश्न त्या बापानं मिठात आणून बसवला होता. पण दर्शनाचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिचं एम.ए. त्या पडद्याबरोबर साहेबांच्या मुठीत चुरगळत होतं.

"घड्या सोडा पप्पा. एक वाचणारा तरी दाखवायचा."

"कसा दाखवू?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दाखवला तर खरा दाखवायला लागेल. खरा वाचनारा काय करतो, तुला म्हाईत नाय? आपला फोटो आलाय काय तो बघतो आन् अंक टीव्हीवर ठेवून देतो. पुढल्या शुक्रवारपर्यंत. ता लिवू? ता लिवला तर शनिवारी उठून परत कनच्या तोंडानं बातमी आनायला जाऊ?"

बोलला तो सिद्धार्थ, हळूच. "तीच गोष्ट भारी झाली असती काका."

भोईरसाहेबांनी पडदा नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, गुलाबाचं फूल त्याच्यावर ठेवलं आणि निघाले. चहा नाही, फोटो नाही. प्राचार्य शाल पसरून त्यांच्यामागं धावले, बैलाला झूल घालायला धावावं तसे. पहिल्या मजल्यावर शाल एका खांद्यावर पडली, तळमजल्यावर घसरली. मी धापा टाकत पार्किंगमध्ये गाठलं तेव्हा ते स्कूटर काढत होते.

"साहेब, पोरीवर राग काढू नका. तिला पुढं शिकू द्या. तुमची गोष्ट तिच्याइतकी बारकाईनं उभ्या रायगड जिल्ह्यात कुणी वाचलेली नाही."

"मॅडम," ते हेल्मेट घालता घालता म्हणाले, आता पुन्हा शुद्ध, "तुम्ही मुलांना खोट काढायला शिकवता. ते बरंच आहे. पण घरात रोज त्याच माणसाच्या हातचं जेवायचं असतं, ते कोण शिकवणार?"

स्कूटर गेली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले विचारू नका. दर्शना तासाला यायची, वहीत डोकं घालून बसायची, घंटा झाली की पहिली बाहेर. एकदा जिन्यात अडवलं.

"घरी काय म्हणतात?"

"बोलत नाहीत."

"आणि एम.ए.?"

"विषयच निघत नाही, मॅडम."

परीक्षा झाली. रिझल्ट लागला, पोरगी वर्गात पहिली. मी फोन केला, उचलला नाही. सिद्धार्थला विचारलं, त्यालाही पत्ता नाही. मी आपली घरात येरझाऱ्या घालते आहे. शिकवायला एखादी कथा काढावी तर संपादक दिसला की त्याचं तोंड भोईरसाहेबांसारखं. लोकांच्या तोंडचा घास काढून त्यात खडे दाखवायचा हा कसला विषय, असंही वाटायला लागलं. आणि पोरीनं तो लेख गपचूप भिंतीवर लावू दिला, तो का, हे मला तेव्हा कुठं उमगलं. घरात ज्याला काही सांगता येत नाही, त्याला निदान वाचायला तरी लावावं, एवढंच तिनं केलं होतं. शाल, नारळ, माझा आवाज, ही सगळी त्यासाठी जमवलेली वाजंत्री. माझ्यापेक्षा माझा विषय तिला जास्त कळला होता.

प्रवेशाची मुदत संपत आली आणि मला राहवेना. उठले आणि नावडं गाठलं. बसमधून उतरले ते रस्ताभर भाषण घोकत. असं भाषण माझ्या हातून पुन्हा होणार नाही. त्यात सावित्रीबाई होत्या, खाडी होती, मिठागरं होती, माझ्या सासऱ्यांनी मला कसं शिकू दिलं ते होतं. प्रत्यक्षात सासऱ्यांचा विरोध होता, पण भाषणात ते चालतं.

दार भोईरवहिनींनी उघडलं. भोईरसाहेब बाहेरच्या खोलीत प्रूफं वाचत बसले होते. दर्शना बाजारात गेली होती. "बसा," एवढंच म्हणाले. वहिनींनी चहा ठेवला. मी कपाला हातही न लावता सुरू झाले.

काय बोलले म्हणता! खिडकीशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. सावित्रीबाईंपाशी वहिनींनी डोळ्याला पदर लावला. सासऱ्यांपाशी मलाच रुमाल काढावा लागला. म्हटलं, साहेब, तुमच्या लेकीनं तुमच्यात खोट काढली नाही, तुम्ही जे झाकलंत ते तिला आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून ती दर शुक्रवारी तुमच्या अंकापाशी बसते. असा वाचणारा कुणाला मिळतो? तिला अडवू नका. तुम्ही नाही म्हणालात तरी मी इथून उठणार नाही, इथंच बसून राहीन, वहिनी मला जेवायला घालतील.

भोईरसाहेब सबंध वेळ माझ्याकडं बघत होते. मधे एकदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी हात करून थांबवलं. शेवटी श्वास संपला आणि मी टेकले.

"तिची ॲडमिशन काल झाली, मॅडम," ते म्हणाले. "मीच गेलो होतो संगती."

मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

"अहो, मग मघाशीच सांगायचं ना!"

"तुमी थांबाल तवा सांगनार," ते म्हणाले. "चाय थंड झाली. दुसरी टाकायला सांगतो."